नवऱ्याची सिगारेट सोडवायची आहे आणि वजनही उतरवायचंय: दोन्ही एकदम की एकामागून एक?

निशिगंध

मंडळी, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

नवऱ्यासाठी विचारते आहे. वय ४३, उंची १७० सेंमी, वजन ८६ किलो, कंबर १०२ सेंमी. दिवसाला १४-१५ सिगारेटी, पहिली उठल्यावर वीस मिनिटांच्या आत. चहा सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. त्यातले चार कप ऑफिसखालच्या टपरीवर, हातात सिगारेट धरून. उपाशीपोटीची साखर ११२, रक्तदाब १३८/८८, औषध अजून कुठलंच नाही. डॉक्टरांनी एकाच चिठ्ठीवर लिहिलंय: सिगारेट बंद, वजन आठ किलो कमी.

त्याचं म्हणणं, सिगारेट सोडली की वजन वाढतंच, मग चिठ्ठीतली पहिली ओळ पाळली की दुसरी मोडणार.

१) हे कितपत खरं आहे?
२) आधी काय करावं?
३) रोज एकेक कमी करावी की एकदम बंद?
४) डबा आणि घरचं जेवण माझ्या हातात आहे. त्यात नेमका काय बदल करू?

---

काळाचहा

ताई, त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, त्यामुळे ते खोडून काढत बसू नका. कुठलंही औषध न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांत. पण ही सरासरी फसवी आहे. साधारण सहांतल्या एकाचं वजन उलट उतरतं, आणि आठांतल्या एकाचं दहा किलोंच्या वर चढतं. आपण कुठल्या टोकाला जाणार हे बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत तोंडात काय जातं त्यावर ठरतं.

निकोटिन दोन कामं करतं. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीर जी ऊर्जा जाळत असतं ती थोडी वाढवतं, आणि मेंदूतली भूक दाबून ठेवतं. रोज पाकीटभर ओढणाऱ्या माणसात पहिल्या कामाचा हिशोब दिवसाला २०० कॅलरींच्या आसपास येतो. सिगारेट सुटली की हे जास्तीचं जळण थांबतं, भूक मोकळी होते, आणि जीभ-नाक काही दिवसांत ताळ्यावर आल्यामुळे कालचीच आमटी आज जास्त चवदार लागते.

आता चहाकडे बघा. सहा कप, दोन-दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ६० ग्रॅम साखर. म्हणजे २४० कॅलरी. तीन कप आणि प्रत्येकी अर्धा चमचा केलं तर ३० कॅलरी. जळायच्या थांबलेल्या २०० कॅलरी नुसत्या चहात वसूल झाल्या, पोळी-भाताला हातही लावावा लागला नाही.

चहा कमी करण्याचं दुसरं कारण साखरेहून महत्त्वाचं आहे आणि फार कमी लोकांना माहीत असतं. धुरातली काही द्रव्यं (निकोटिन नव्हे, डांबरातली) यकृताला कॅफिन भराभर निकालात काढायला लावतात. धूर थांबला की काही दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात साचणारं कॅफिन जवळपास दुप्पट होतं. हात थरथरणं, छाती धडधडणं, रात्री दोनला टक्क जाग. माणसाला वाटतं ही सिगारेटची तलफ, आणि तो एक ओढून मोकळा होतो. खरं तर तो चहा जास्त झालेला असतो.

पद्धत अशी. सोडण्याची तारीख दोन आठवडे पुढची ठरवा. पहिल्या आठवड्यात साखर दोन चमच्यांवरून एकावर. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्यावर आणि सहा कपांचे चार. ठरल्या दिवशी तीन. चहा आणि सिगारेट एकाच दिवशी तोडू नका, कारण सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे गोडाची ओढ वाढते आणि तेव्हाच साखर काढून घेतली तर चिडचिडीला पारावार राहत नाही.

टपरी मात्र पहिले तीन आठवडे पूर्ण बंद. ‘नुसता चहा पिऊन येतो’ हे चालत नाही, चार मित्रांच्या धुरात उभं राहून फार थोड्यांना जमतं. त्यात सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी असली तरी टपरीवर मागितली की मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑफिसच्या मशीनचा चहा घेणार असतील तर आधी विचारून घ्या, बहुतेक प्रीमिक्समध्ये साखर घातलेलीच असते. त्यापेक्षा टी-बॅग आणि गरम पाणी बरं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ठरल्या दिवशी एकदम बंद. एकेक कमी करणारा माणूस उरलेल्या सिगारेटींचे झुरके खोल ओढतो आणि थोटकापर्यंत ओढतो. संख्या पंधरावरून आठवर येते, निकोटिन तेवढं कमी होत नाही. आणि ती उरलेली आठ त्याला आधीपेक्षा जास्त गोड लागतात.

दुसऱ्या प्रश्नाचं: सिगारेट आधी. पहिल्या तीन महिन्यांत वजन उतरवायचं नाही, धरून ठेवायचं. दोन किलोपर्यंत वाढलं तर चालेल. भुकेल्या पोटी तलफ जास्त जोरात येते, म्हणून कडक डाएट आणि सिगारेट एकत्र सुरू करणारे बऱ्याचदा तिसऱ्या आठवड्यात दोन्ही सोडून देतात.

---

पायपीट

चहाच्या हिशोबाला +१. पण ‘तीन महिने वजन विसरा’ असा अर्थ कुणी काढला तर तो या केसमध्ये परवडणारा नाही. उपाशीपोटीची साखर ११२ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (१०० ते १२५ हा पट्टा), आणि कंबर १०२. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० ला आहे. सिगारेट सोडून ज्यांचं वजन बरंच वाढतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मधुमेहाची शक्यता वाढते. त्यांनाही हृदयविकाराच्या बाबतीत सोडण्याचा फायदा होतोच, त्यामुळे हे सिगारेट चालू ठेवायला निमित्त नाही. पण साखर तीन महिन्यांनी परत तपासा, रक्तदाबही.

खाणं कमी करू नका, त्याची मांडणी बदला. डबा तुमच्या हातात आहे ही सगळ्यात मोठी जमेची बाजू.

नाश्ता उठल्यावर तासाभरात. पहिली सिगारेट वीस मिनिटांच्या आत ओढणाऱ्याची सकाळ सगळ्यात अवघड असते, तेव्हा पोट रिकामं ठेवू नका. दोन अंड्यांचं ऑम्लेट, किंवा मुगाची दोन धिरडी, किंवा मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ. पोहे-उपमा आठवड्यातून दोनदा ठीक, तेही मूठभर मटार किंवा मोड घालून. नुसत्या पोह्यांनी अकरा वाजता पुन्हा भूक लागते, आणि अकराची वेळ टपरीची.

डब्यात तीन पोळ्या असतील तर दोन करा आणि उसळ-आमटी अर्ध्या वाटीची पूर्ण वाटी करा. काकडी-गाजराची कोशिंबीर, दाण्याचं कूट एक चमचाच. सोबत दुसरा छोटा डबा द्या आणि खरी मदार त्याच्यावर ठेवा: भाजलेले फुटाणे ३० ग्रॅम (लहान मूठ, साधारण ११० कॅलरी), काकडी-गाजराचे बोटाएवढे लांब तुकडे, आणि पातळ ताकाची बाटली. साडेचार ते सहा ही ऑफिसातली सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळी हाताशी काही नसेल तर वडापाव येतो, तो एकच २५० ते ३०० कॅलरींचा. शेंगदाणे पौष्टिक म्हणून देऊ नका, ३० ग्रॅमला १७० कॅलरी पडतात आणि ३० ग्रॅमवर कुणी थांबत नाही. फरसाण, शेव घरात आणूच नका, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास जातं.

उपास नकोत, निदान पहिला महिना. संकष्टी नको आणि हल्ली निघालेलं सोळा तास उपाशी राहणंही नको. उपाशी पोटी तलफ वाढते, आणि आपल्याकडच्या उपासाचं तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. साबुदाण्याच्या खिचडीची एक प्लेट चारशे कॅलरींच्या पुढे जाते.

व्यायामाची भव्य सुरुवात करू नका. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, दिवसातून तीनदा. जेवणानंतरची सिगारेट ज्या वेळी ओढली जायची त्याच वेळेत पाय चालू राहतात, जेवणानंतरची साखरही कमी चढते. तलफेचा जोर बहुधा तीन ते पाच मिनिटांत ओसरतो, म्हणजे दहा मिनिटांच्या चालण्यात ती येऊन जाते. चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठबस १० च्या तीन फेऱ्या, भिंतीवर जोर १० च्या तीन फेऱ्या. जिमचं वर्षाचं पॅकेज या महिन्यात घेऊ नका.

वजन आठवड्यातून एकदाच. रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज काट्यावर उभं राहणारा माणूस पाण्याच्या अर्ध्या किलोला घाबरून परत सिगारेटकडे बघायला लागतो. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. सिगारेट ओढणाऱ्यांचं वजन कमी असलं तरी चरबी पोटावर जास्त साठते, त्यामुळे इथे काट्यापेक्षा टेप जास्त खरं सांगते.

---

औषधदुकान

वर दोघांनीही औषधाचा विषय सोडून दिला आहे. पंधरा सिगारेटी आणि पहिली वीस मिनिटांत, ही पक्की सवय आहे. नुसत्या मनोबलावर सोडणाऱ्यांपैकी बहुतेक पहिल्या महिन्यातच परत ओढायला लागतात.

निकोटिनची च्युइंगगम २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशी मिळते. दोन चिठ्ठीशिवाय मिळते, चारला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ ची गरज असते. २ ची घेऊन ‘गमचा काही उपयोग नाही’ म्हणणारे बरेचदा याच गटातले असतात.

संख्या: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ. पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. लोक दिवसाला तीन खातात आणि चौथ्या दिवशी सोडून देतात.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि गम एकत्र. पॅच दिवसभर संथ निकोटिन देतो, गम अचानक आलेल्या तलफेसाठी. दिवसाला दहाच्या वर सिगारेटी असतील तर सहा आठवडे २१ मिलिग्रॅमचा पॅच, मग दोन आठवडे १४ चा, मग दोन आठवडे ७ चा. सोबत २ मिलिग्रॅमच्या चार-सहा गम लागतील तशा. रक्तदाब १३८/८८ आहे म्हणून हे बंद असं नाही, पण डॉक्टरांना सांगून सुरू करा. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा ठोके अनियमित असतील तर मात्र त्यांच्या देखरेखीतच.

पॅच रोज वेगळ्या जागी, दंडाच्या वरच्या भागावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर. आंघोळीनंतर लगेच नको, तेल-क्रीम लावलेल्या जागी नको. तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. घामाच्या दिवसांत कडा सुटतात, त्यावर दुकानातली कागदी चिकटपट्टी लावली तरी चालते. रात्री विचित्र, जिवंत वाटणारी स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढा. मग सकाळी रक्तात निकोटिन नसतं, म्हणून डोळे उघडल्यावर पहिली गोष्ट गम.

डॉक्टर चिठ्ठीवर देतात अशा दोन गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लिन: पहिले तीन दिवस ०.५ मिग्रॅ एकदा, पुढचे चार दिवस ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ दोनदा, एकूण बारा आठवडे. सिगारेट साधारण आठव्या दिवशी बंद. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर आणि पेलाभर पाण्यासोबत. ब्युप्रोपिऑन: १५० मिग्रॅ, सुरुवात तारखेच्या एक-दोन आठवडे आधी. फिट येण्याचा इतिहास असेल तर ही अजिबात नाही. गम, पॅच किंवा या गोळ्या चालू असताना वजन थोडं कमी वाढतं, पण औषध थांबल्यावर तो फरक हळूहळू भरून निघतो. म्हणजे औषध तुम्हाला तीन महिने देतं. त्या तीन महिन्यांत वर पायपीट यांनी सांगितलेला डबा अंगवळणी पाडायचा.

कुणाशी तरी बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, पाकिटावर छापलेलीच असते.

---

निशिगंध (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख पाळली, आज विसावा दिवस. डॉक्टरांनी २१ चा पॅच आणि २ ची गम दिली. वजन ८७.१. तीन अडचणी आहेत. गमने उचकी लागते आणि छातीत जळजळतं. सकाळी पोट साफ होत नाही, आधी चहा-सिगारेटवर व्हायचं. आणि तोंडात काहीतरी हवं म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी दिलेली गोड सुपारी चालू झाली आहे, दिवसाला चार-पाच पुड्या.

---

औषधदुकान

उचकी आणि जळजळ म्हणजे गम साध्या च्युइंगगमसारखी चघळली जाते आहे आणि निकोटिन लाळेतून पोटात जातं आहे. ते पोटात जायचं नसतं, गालाच्या आतून शोषलं जायचं असतं. दहा-पंधरा वेळा सावकाश चावायची. तिखट, झणझणीत चव आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. मिनिटभराने झणझण गेली की परत चार-पाच वेळा चावायची, आता दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. लाळ कमीत कमी गिळायची.

गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोला काही नाही. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलंच जात नाही, सगळं पोटात उतरतं. हे ताकालाही लागू आहे, साडेचारच्या डब्यात ताक असेल तर गम पाचला.

---

मुळामुठा

पोटाचं आधी. निकोटिन आतड्यांना ढकलतं, ते थांबलं की बद्धकोष्ठ होतं. दोन-चार आठवडे चालतं आणि बरेच जण निव्वळ याच कारणासाठी सकाळची ‘एकच’ परत सुरू करतात. रात्री झोपण्याआधी इसबगोल दोन चमचे, पेलाभर कोमट पाण्यात, घातल्या-घातल्या प्यायचं. फुगून घट्ट झाल्यावर गिळायला गेलं तर घशात अडकतं, आणि त्यानंतर अजून एक पेला पाणी हवंच. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, दहा मिनिटं घरातल्या घरात चालणं, मग ठरलेल्या वेळी जाऊन बसणं, येवो न येवो. काट्यावरच्या वाढलेल्या किलोत याचाही थोडा हिस्सा असणार.

सुपारी आजच बंद. तंबाखू नसलेली सुपारीही तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरते, यात शंका उरलेली नाही. जबडा आखडून तोंड उघडेनासं होतं तो आजारही तिचाच. ती सोडणं सिगारेटइतकंच जड जातं. शिवाय गोड सुपारीला साखर असतेच. रंगीत साखरेचे दाणे घातलेल्या मुखवासालाही तेच. त्याऐवजी लवंग (दिवसाला तीन-चार, जास्त झाल्या की हिरड्या सोलवटतात), वेलदोडा, दालचिनीचा तुकडा, घरी कोरडी भाजलेली बडीशेप. आवळा सुपारी या नावावर जाऊ नका, त्यात बहुधा सुपारी नसते, वाळवलेला आवळा असतो. पण खारवलेली असते आणि रक्तदाब १३८ आहे, म्हणून दोन-तीन तुकडे. गोड केलेली नको.

अवांतर: काही जण सिगारेट सोडायला म्हणून तंबाखू-चुन्याकडे किंवा मिश्रीकडे वळतात. निकोटिन तेच, फक्त धूर नाही आणि कॅन्सर तोंडात.

---

काळाचहा

८६ चे ८७.१ विसाव्या दिवशी, म्हणजे नेहमीच्या चालीतच आहे. दोन किलोची रेघ ८८ ला. ८८ ओलांडलं तर जेवण कापू नका, आधी तीन जागा तपासा: चहातली साखर परत वर गेली का, सुपारीच्या पुड्या, आणि शुक्रवारची संध्याकाळ. ६० मिलि व्हिस्कीत साधारण १४० कॅलरी, चकण्याच्या वेगळ्या, आणि दुसऱ्या पेगनंतर समोरच्याच्या पाकिटात हात जातो. पहिले दोन महिने बसणं टाळलेलं बरं.

चुकून एक ओढलीच तर पॅच काढायचा नाही, त्याच दिवशी पुढे चालू. नवीन तारीख काढायची नाही. पाकीट असेल तर भिजवून फेका, नुसतं कचऱ्याच्या डब्यात नको, रात्री अकराला परत उचललं जातं.

---

निशिगंध

सुपारी बंद केली, बडीशेप भाजली. एक शंका: वापरलेला पॅच कचऱ्यात टाकला तर चालतो का? घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

---

औषधदुकान

तसाच उघडा नको. चोवीस तास लावल्यावरही त्यात मुलाला अपाय होईल एवढं निकोटिन उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, जुन्या पाकिटात किंवा कागदात गुंडाळायचा, आणि झाकण असलेल्या, तिचा हात न पोचणाऱ्या डब्यात. लावल्या-काढल्यावर हात पाण्याने धुवायचे, डोळ्यांना लावायचे नाहीत. गमचंही तसंच, तिला ते च्युइंगगमच वाटणार, तेव्हा पाकीट पर्समध्ये किंवा उशाशी नको, वरच्या कपाटात ठेवा.